तालीम, आखाडा, डोजो: मुलांना (आणि आपल्याला) नेमकं काय मिळतं?

कृष्णाकाठ
माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कराटेचा क्लास आहे, तिथे ती गेल्या वर्षापासून जाते. पट्टे पटापट मिळतायत, प्रमाणपत्रं येतायत, फोटो निघतायत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पोरीला आनंद होतो.

पण परवा सहज विचारलं, तुझ्या शेजारी उभी असते त्या मुलीचं नाव काय? तिला माहीत नव्हतं. मग मी एक दिवस थांबून क्लास बघितला. सगळी मुलं रांगेत उभी, तोंड आरशाकडे. सर आकडे मोजतात, मुलं हवेत ठोसे मारतात, तास संपला की खाली गाड्या उभ्याच असतात. एकमेकांना हात लावायची वेळ जवळजवळ येतच नाही.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. आजोबा पैलवान होते, जत्रेच्या फडात लढायचे. म्हातारपणी त्यांच्याकडे रोज संध्याकाळी जे कट्ट्यावर येऊन बसायचे, त्यातले बरेचसे त्यांच्याशी लढलेले. कुणी यांना पाडलेलं, कुणाला यांनी. माझं मत असं झालंय की लढायची विद्या एकट्याला शिकता येत नाही. समोर माणूस लागतो आणि तो उद्याही यावा लागतो. तोच भाग क्लासमधून गेला असेल, तर उरतो तो फक्त व्यायाम.

तुमच्यापैकी जे तालमीत, आखाड्यात, ज्युदो-कराटेच्या वर्गात वाढलेत त्यांना विचारायचंय: तुम्हाला तिथे काय मिळालं? तुमच्या गल्लीला, गावाला काय मिळालं? आणि मुलीचं काय करू? आम्ही पुण्यात राहतो.

पेठेतला
ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. मी कोल्हापूरचा, त्यामुळं जरा लांबण लागणार, सांभाळून घ्या.

तालमीत गेल्यावर पहिले कित्येक दिवस मला डाव कुणी शिकवलाच नाही. वस्ताद म्हणाले, खोरं घे आणि हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, उकर. रोज पहाटे माती उकरायची, भुसभुशीत करायची, मग सारखी करायची. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर पडतो. नव्या पोरांनी माती उकरली की मग मोठे पैलवान उतरायचे. आधी राग यायचा. नंतर कळलं की त्याच मातीवर आपण पडणार आहोत, ती टणक राहिली तर खांदा आपलाच निखळणार.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्या पैलवानानं लहानाला अंग देणं. शंभर किलोचा गडी अंग सैल सोडून पोराला ढाक हा डाव मारू द्यायचा. पोरगं चुकलं की "पाय आत घाल, कंबर खाली" असं सांगून परत उभा राहायचा. त्याचा स्वतःचा घाम अजून निघायचा असायचा, तरी तो वेळ द्यायचा, कारण त्याला तसाच कुणीतरी दिलेला. याची फी नव्हती. जेवण मात्र आळीपाळीनं करायला लागायचं. दहावी नापास आणि इंजिनियर एकाच परातीत कणीक मळायचे.

पेठेला काय मिळालं म्हणाल तर कोल्हापुरात तालीम ही नुसती कुस्तीची जागा नाही. भांडण मिटवायचं तर तालमीत, पूर आला की माणसं काढायला तालमीची पोरं. कितीतरी तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. एवढंच काय, आमचा फुटबॉलसुद्धा तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही सगळी तालीम मंडळंच.

रंकाळ्यावरचा
फुटबॉलचं नाव काढलंस भावा, आता हा धागा कुस्तीचा राहत नाही. पाटाकडील की दिलबहार ते आधी सांग.

पेठेतला
ते सांगितलं तर निम्मे प्रतिसाद मारामारीचे येतील. ताईंच्या पोरीचा प्रश्न आधी मिटू दे.

शंकासुर
चांगलं लिहिलंय, पण थोडं उलट बाजूनेही बोलायला हवं.

आमच्या गावच्या तालमीला आता कुलूप आहे. ज्या उघड्या आहेत त्यातल्या काहींत कॅरम चालतो आणि निवडणुकीला पोरं पुरवली जातात. दंडात बळ आलं म्हणजे माणूस सज्जन झाला हे मला पटत नाही. मी गुंडगिरी करणारे पैलवान पाहिलेत आणि अतिशय भले, आयुष्यात एक जोर न मारलेले लोकही पाहिलेत.

आणि धागाकर्त्या आईला एक थेट प्रश्न: तुमच्या आजोबांच्या तालमीत तुमच्या आजीला पाय ठेवता आला असता का? बायकांना उंबऱ्याबाहेर ठेवून जो एकोपा झाला त्याचं कौतुक किती करायचं?

कृष्णाकाठ
आजीला नाहीच, आईलाही नाही. खुराक मात्र आजीच्या हातचा. दूध आटवणं, बदाम वाटणं, तूप कढवणं, सगळं पहाटे चारला उठून. तालमीच्या भिंतीवर तिचा फोटो नाही. म्हणून तर मुलीसाठी विचारतेय.

माणदेशी
मी पैलवानाची मुलगी. खुराकाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते.

आमच्या घरी दुभती म्हैस होती, पण तिचं दूध आम्हा भावंडांच्या वाट्याला कमी यायचं. वडिलांना गावानं दत्तक घेतल्यासारखं होतं. कुणी तूप आणून द्यायचं, कुणी शेंगदाण्याचं पोतं. त्याबदल्यात जत्रेत ते गावाच्या नावानं लढायचे. हरले की गाव दोन दिवस गप्प असायचं. ते ओझं घेऊन त्यांनी तरुणपण काढलं. पुढे गुडघे गेले, तेव्हा तूप आणून देणारे कमी झाले, पण थांबले नाहीत. आईच्या आजारपणात दवाखान्यात रात्री थांबायला वडिलांचे दोन जुने जोडीदार आळीपाळीनं यायचे. सख्खे नातेवाईक सकाळी डबा घेऊन यायचे आणि जायचे.

खाशाबा जाधवांची गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनला सहावे आले, तिथे ते प्रथमच गादीवर लढले, आयुष्य मातीत गेलेलं. १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिकडे जायला पैसे नव्हते तेव्हा गावोगाव वर्गणी झाली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मला यातला पुढचा भाग जास्त मोठा वाटतो. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून पैसा उभा केला आणि सरांचं घर सोडवलं. पदक गळ्यात असताना पहिलं काम हे केलं. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी आला. ते १९८४ ला गेले होते.

तेव्हा शंकासुर, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण तालमीत देणं-घेणं किती खोल जातं तेही बघा.

ज्युदोका
कृष्णाकाठ, तुम्ही जे म्हणताय की समोर माणूस लागतो, ज्युदो त्यावरच उभा आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं, तेव्हाच जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक प्रकार बाजूला काढले. पूर्ण ताकदीनं सराव करता यावा आणि समोरचा उद्या परत यावा, हा त्यामागचा विचार. स्वतःची आणि दुसऱ्याची मिळून भरभराट, हे त्यांनी ज्युदोचं ध्येयच मानलं.

प्रत्यक्षात ते असं चालतं. नवीन मुलगा आला की आधी पडायला शिकवतो. मागे, बाजूला, पुढे कोलांटी घेऊन. हनुवटी छातीला, हात गादीवर सपकन. हे अंगवळणी पडेपर्यंत फेक शिकवत नाही. मग जोडीनं सराव. फेकणाऱ्यानं समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, म्हणजे तो डोक्यावर पडत नाही. बाही सोडली की मी सराव थांबवतो, डाव कितीही देखणा बसलेला असो. आणि मान किंवा हात अडकला की दोनदा थापटायचं. थापटलं की त्या क्षणी सोडायचं. हे लहान मुलं फार लवकर शिकतात, मोठ्या पुरुषांना वेळ लागतो. काहींना थापटणं म्हणजे अपमान वाटतो, ते ओढून धरतात आणि कोपर दुखावून घेतात. तोंडाने कितीही सांगा, दोन-तीन महिने रोज लहान पोराच्या हातून हरल्यावरच तो ताठा उतरतो.

पट्ट्यांबद्दल: कानोंच्या सुरुवातीच्या काळात पांढरा आणि काळा एवढंच होतं, मधले रंग नंतर आले आणि युरोपात रुळले. नव्या माणसाला हुरूप येतो, तेवढा त्यांचा उपयोग आहे. दर दोन महिन्यांनी परीक्षा आणि परीक्षेची वेगळी फी असेल, तर मात्र पालकांनी सरळ प्रश्न विचारावेत.

एक_कराटेवाली
कराटेवर सरसकट फुली मारू नका ही विनंती. मी लहानपणापासून करते. चांगल्या डोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्यानं करायचा सराव) असतो, जोडीचा सराव असतो आणि कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढतही असते. ओळखीच्या माणसाकडून, ताबा ठेवून मारलेला ठोसा पोटावर घेणं आणि तरी श्वास न सोडणं, हे मला तिथेच शिकायला मिळालं. तास संपल्यावर आम्ही सगळे ओल्या फडक्यानं जमीन पुसायचो. काळा पट्टा आणि पांढरा पट्टा एकाच ओळीत वाकलेले. तुम्ही पाहिला तो क्लास वाईट असेल, विद्या वाईट नाही.

ज्युदोका
पूर्ण सहमत.

अनघा_दादर
मी मल्लखांबवाली, म्हणजे तशी लढणारी नव्हे. पण मल्लखांब मुळात पैलवानांचाच व्यायाम. पेशवाईच्या शेवटी, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं.

शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुली दोरीच्या मल्लखांबावर चढतात ते एकदा येऊन बघा. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून वर जायचं, कमरेला वेढा घ्यायचा आणि हात सोडून द्यायचे. तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. विचार करा, खांब दिसत नाही, त्याला एरंडेल लावलंय, खाली किती अंतर आहे ठाऊक नाही, आणि कुणीतरी हात धरून सांगतंय की आता पाय इकडे. २०१९ ला मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा परदेशी खेळाडू आले. त्यांच्याशी बोलायला आमच्या मुलींना इंग्रजी कमी पडलं, पण पकडी दाखवायला भाषा लागली नाही.

आमच्याकडे एक रीत आहे: नवीन मुलीला वर चढवताना खाली आधाराला जी उभी राहते, ती वयानं एखाद-दुसऱ्या वर्षानंच मोठी असते. दहा वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या मुलीचा भार हातावर घेते. घरी तिला कुणी पाण्याची कळशी उचलू देत नाही.

सांधेदुखी
फिजिओथेरपिस्ट आहे, थोडं रुक्ष पण कामाचं लिहिते.

अकराव्या वर्षी कुस्ती, ज्युदो, मल्लखांब यातलं काहीही सुरू करायला हरकत नाही. पण चार गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, स्पर्धेसाठी वजन उतरवायला पाणी तोडणं, उपाशी ठेवणं हे वाढत्या वयात अजिबात नको. कोच तसं सुचवत असेल तर त्या दिवशी मूल घरी आणा. दोन, डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखं झालं तर त्याच वेळी खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवायचं, "काही नाही होत" म्हणून परत उतरवायचं नाही. तीन, मानेचा पूल करण्याचा (डोकं आणि पाय टेकवून अंग उचलून धरायचा) व्यायाम हळूहळू आणि माणूस समोर असतानाच. चार, त्वचा. गाद्या रोज पुसल्या जात नसतील तर नायटा एकाचा सगळ्यांना होतो. चट्टा दिसला की बरा होईपर्यंत मुलाला सरावाला पाठवू नका, लपवूही नका.

पैलवानांचे कान फुलकोबीसारखे होतात ते मार बसून आत रक्त साकळल्यामुळे. वेळीच डॉक्टरकडे गेलं तर टळू शकतं. तालमीत ती मानाची खूण समजतात म्हणून कुणी जात नाही.

पेठेतला
कानाचं खरं आहे. आमच्यात कान मोडला नाही तोवर पोरगं पैलवान धरत नाहीत. पण माझ्या पोराचा सुजला तेव्हा मी त्याच दिवशी दवाखान्यात नेला.

शंकासुर, बायकांबद्दल. उशीर झाला हे मान्य. ऑलिंपिकमध्येच महिलांची कुस्ती २००४ ला आली. साक्षी मलिकनं २०१६ ला रिओत पदक आणलं, त्यानंतर आमच्याकडच्या कितीतरी बापांनी मुलींना घेऊन वस्तादांचं दार वाजवलं. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली २०२३ ला, सांगलीत, आणि जिंकली सांगलीचीच प्रतीक्षा बागडी. पुरुषांची स्पर्धा १९६१ पासून आहे, म्हणजे मध्ये किती वर्षं गेली ते तुम्हीच बघा. आज मुलींची स्वतंत्र केंद्रं आहेत, मुलांबरोबर सराव करणाऱ्या मुलीही आहेत.

शंकासुर
धन्यवाद. पण त्याच २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या पदकविजेत्या मुली लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या हेही विसरू नका. ज्या खेळात शरीराला हात लावणं हा शिकवण्याचाच भाग आहे, तिथे वस्तादावर आंधळी श्रद्धा ठेवणं धोक्याचं आहे. "वस्ताद म्हणजे बाप" हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो.

माणदेशी
हे तुमचं शंभर टक्के मान्य. माझे वडीलही म्हणायचे की ज्या तालमीचं दार आतून लागतं तिथे पोर धाडू नये.

ज्युदोका
मी शिकवतो म्हणून सांगतो, हा प्रश्न विचारणारे पालक मला हवेच असतात. आमच्याकडे पालक कधीही येऊन बसू शकतात. मुलगी आणि प्रशिक्षक दोघंच हॉलमध्ये, असं होऊ देत नाही. फेक दाखवायची असेल तर शक्यतो दुसऱ्या मुलीवर दाखवतो. आणि मुलीनं "मला या जोडीदाराबरोबर नको" म्हटलं तर कारण न विचारता जोडी बदलतो. हे नियम भिंतीवर लिहिलेत, मराठीत.

परदेशी_पाखरू
जर्मनीत असतो. इथे क्लब म्हणजे रीतसर नोंदलेली संस्था, वर्गणी थोडी आणि कामं सगळ्यांनी वाटून घ्यायची. मी आलो तेव्हा भाषा धड येत नव्हती, ऑफिसात सगळे इंग्रजी बोलायचे आणि संध्याकाळी घरी भिंती. ज्युदोच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी एका बेकरीवाल्यानं हाताला धरून गाद्या अंथरायला लावल्या. सरावाआधी अंथरायच्या, नंतर उचलून रचायच्या. माझा जोडीदार सिरियातून आलेला एक मुलगा, दोघांचंही जर्मन मोडकं. पण कुणाची पकड भीतीनं घट्ट आहे आणि कुणाची रागानं, हे कापडावरून कळतं. तो दिवसभर कुठल्या कचेरीत रांगेत उभा होता ते मला त्याच्या खांद्यांवरून समजायचं. मग मी त्या दिवशी जरा जास्त वेळा पडायचो.

घर बदललं तेव्हा सामान उचलायला हीच मंडळी आली. सोफा जिन्यातून उतरवताना बेकरीवाला ओरडत होता, "बाही सोडू नका!"

रंकाळ्यावरचा
शेवटचं वाक्य जबरी!

गुरुजी_झेडपी
धागा वाचत होतो, एक अनुभव लिहितो. आमच्या शाळेत शनिवारी लाठीकाठी आणि दांडपट्टा शिकवायला गावातलेच एक वस्ताद येतात. (दांडपट्टा २०२४ पासून राज्यशस्त्र झालाय, तेव्हापासून मुलांचा उत्साह फार वाढलाय.) सातवीत एक मुलगा लहानांना मारायचा, डबे हिसकायचा. मला वाटलं याच्या हातात काठी देणं म्हणजे आगीत तेल. वस्तादांनी त्याला पहिलीच कामगिरी दिली ती चौथीच्या मुलांना रिंगणाबाहेर सांभाळायची. फिरत्या काठीच्या टप्प्यात एकही मूल आलं तर जबाबदार तू. तो मुलगा पूर्ण तास हात पसरून उभा असायचा. नंतर त्याच मुलांना तो काठी धरायला शिकवू लागला.

सगळ्यांचं असं होत नाही हेही लिहिलं पाहिजे. दुसऱ्या एकानं बाजारात भांडणात काठी चालवली. वस्तादांनी त्याला रिंगणातून काढलं, आणि तो परत आलाच नाही. शाळाही सोडली. वस्ताद अजून त्याच्या घरावरून जाताना हाक मारतात, तो बाहेर येत नाही.

शंकासुर
गुरुजी, दोन्ही गोष्टी लिहिल्यात म्हणून पहिली पटली.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

मधल्या काळात मुलीला घेऊन दोन ठिकाणी जाऊन बसले. एका ठिकाणी पालकांना आत बसू देत नाहीत म्हणाले, तिथून निघाले. दुसरीकडे ज्युदोचा वर्ग, गाद्या जुन्या पण स्वच्छ, मुलंमुली मिळून. सरांनी तिला त्याच दिवशी गादीवर घेतलं आणि एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या ताब्यात दिलं. तासभर दोघी फक्त मागे पडत होत्या. परत येताना मी काही विचारायच्या आधीच हिनं सांगायला सुरुवात केली: ताईचं नाव काय, ती कुठल्या शाळेत आहे, तिचा कुत्रा म्हातारा झालाय, ती डाव्या बाजूला पडताना घाबरते.

कराटेच्या सरांना सांगून ठेवलंय की महिनाअखेर थांबवतो. आईला फोन केला, तर ती म्हणाली की बदाम मी पाठवते.

आता सोमवारपासून नियमित. पहिल्या आठवड्यात बरोबर काय काय द्यायचं, कुणी सांगेल का?

ज्युदोका
हातापायाची नखं कापलेली. केस लांब असतील तर साधं रबर, धातूची पिन नको. कानातले, बांगडी, गळ्यातलं सगळं घरी. पाण्याची बाटली, आणि गादीबाहेर घालायला चप्पल, म्हणजे स्वच्छतागृहातून अनवाणी परत गादीवर येणार नाही. ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, लगेच घेऊ नका, वर्गात एखादी जुनी मिळते का विचारा. मोठ्या मुलांची लहान झालेली असतेच.

सांधेदुखी
आणि पहिल्या आठवड्यात मान आणि पोट दुखेल. पडताना डोकं उचलून धरल्यामुळे होतं, तीन-चार दिवसांत जातं. त्यापेक्षा जास्त राहिलं तर इथेच लिहा.

पेठेतला
बदाम रात्री भिजत घाला ताई, आणि दोन जास्त टाका, त्या जोडीदार पोरीसाठी.